पुढं म्हणजे कुठं

मोटार चंदरशेठची आणि शिवी यमाजीला, असा रिवाज सापगावात पस्तीस वर्षं चालला. ती काळी जुनाट गाडी शेठच्या बापानं एकावन्न साली घेतलेली. ती बंद पडली, की शेठ ओटीवर बसून म्हणायचा, "कातवड्याचा हात लागलाय तिला, ती काय चालते आता!" आणि पानसुपारीला जमलेले हसायचे. हसणाऱ्यांपैकी एकालाही पिस्टन कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. पण कातकऱ्याला हसायला पिस्टनचं ज्ञान लागत नाही. तो कुठल्या वाडीवरचा एवढं कळलं की पुरतं.

झालं होतं ते असं. पंच्याहत्तरच्या सुमारास पेट्रोल महागलं, तेव्हा शेठच्या घरच्यांनी गाडीतलं इंजिन काढून भाताच्या गिरणीला जोडलं. गाडी छपराखाली पडून राहिली आणि तिचं इंजिन रॉकेलवर भात भरडू लागलं. ते चालवायला वाडीवरचा वीस वर्षांचा यमाजी ठेवला. शाळा त्यानं बाहेरूनच पाहिलेली. पण तेरा वर्षांत त्यानं ते इंजिन दोनदा खोललं, रिंगा बदलल्या, पुन्हा बसवलं. गिरणी कधी दोन दिवसांच्या वर बंद राहिली नाही. मग विजेची मोटर आली. इंजिन परत गाडीत चढवायला कल्याणहून मेस्तरी आणला; त्यानं ते आधी पूर्ण खोलून साफ केलं आणि पुन्हा जोडलं. पुढच्याच महिन्यात शेठच्या बहिणीच्या लग्नाचं वऱ्हाड घेऊन निघालेली गाडी मुरबाडच्या नाक्यावर खडखडली आणि थांबली. दोन नंबरचा पिस्टन फुटला होता. मेस्तरी म्हणाला, "मी पिस्टनवरच्या खुणा बघून बसवला. खुणाच उलट्या असतील तर मी काय करू?"

खुणा यमाजीनं केलेल्या. शेठनं भर नाक्यावर, वऱ्हाडासमोर, त्याला काय काय म्हटलं ते इथं लिहिलं तर कागद विटेल. त्या दिवसापासून यमाजीनं पाना हातात धरला नाही. दिवाळी झाली की बायको आणि पोर घेऊन भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायचा, पावसाच्या तोंडावर परत यायचा. यंत्राचा विषय निघाला की उठून बाहेर जायचा.

ती पोर म्हणजे काशी.

काशी आता चाळिशीला टेकली. खर्डी स्टेशनाजवळ कोंडू मेस्तरीकडं ती लागली ती चहा द्यायला, आणि बाहेर पडली ती गिअरबॉक्स उतरवून चढवणारी होऊन. मुरबाडला एसटी स्टँडच्या मागं तिचं स्वतःचं गॅरेज आहे. कल्याणच्या सीटा भरणाऱ्या जीपा तिच्याकडंच येतात. सुरुवातीला लोक यायचे ते बाई पाना कसा फिरवते ते बघायला. आता नंबर हुकला तर भांडतात.

जानेवारीत तिला शेठच्या मुलाचा, अनिलचा फोन आला.

"ताई, तीन मेस्तरी झाले. दोन मुंबईचे, एक पुण्याचा. दर वेळी दोन नंबरचाच पिस्टन जातो. नवा टाकला की शंभर किलोमीटर पण टिकत नाय. आता मागच्या महिन्यात टाकलेला पण ठोकायला लागलाय. जवळ एकच नवा उरलाय. तो पण गेला तर आबा इंजिन भंगारात घालणार, आणि सांगाडा देणार हायवेवरच्या हॉटेलवाल्याला, दारात उभा करायला."

"आबांना विचारलंस का, मला बोलवायचं म्हणून?"

"विचारलं. म्हणाले, बापानं बिघडवलं, पोरगी काय दिवे लावते ते बघू."

काशी हो म्हणाली. कामाची तिला ददात नव्हती. पण तिच्या बापाचं नाव त्या इंजिनात अडकलं होतं, आणि ते भंगारात वितळलं की खरंखोटं कुणालाच कधी कळलं नसतं. एक भीती मात्र होती, आणि ती तिनं कुणाला सांगितली नाही. खूण खरंच उलटी निघाली तर? बापाची चूक आपल्याच हातानं बाहेर काढून शेठच्या अंगणात मांडावी लागली तर?

सकाळी सातला ती सापगावात पोचली. अंगाला थंडी झोंबत होती, आणि तिला तेच हवं होतं. गार इंजिन खोटं बोलत नाही.

शेठ ओटीवर शाल गुंडाळून बसलेला. "यमाजीची पोर ना गो तू?"

"होय शेठ."

"बापासारखी खुणा करू नको म्हंजे झाला."

काशीनं पुढून हँडल घालून इंजिन फिरवलं. चालू झालं, आणि लगेच टक्-टक्-टक् सुरू झालं, ओल्या लाकडावर हातोडी मारल्यासारखं. तिनं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या अंगाला लावलं आणि मूठ कानाला. मग एकेका प्लगची वायर काढून बघितली. दोन नंबरची काढली तसा ठोका दबला. दहा मिनिटांनी इंजिन तापलं, तसा तो आपोआप विरला.

"थांबला की!" अनिल खूश झाला.

"थांबला नाय. गप बसलाय. गार असताना ठोकतो, तापून फुगला की बोलत नाय. बेअरिंग असता तर तापल्यावर जास्त बोंबलला असता. पिस्टन डुलतोय सिलिंडरमधे."

दुपारपर्यंत तिनं हेड उतरवलं आणि खालचा तेलाचा चेंबर सोडला. चेंबरच्या तळाशी, काळ्या तेलात, तांदळाच्या कणीएवढे ॲल्युमिनियमचे तुकडे चमकत होते. दोन नंबरचा पिस्टन वर ओढला. खालच्या घेराला चिरेपासून काठापर्यंत तडा गेलेला, आणि काठाचा एक टवका उडालेला.

ती चीर मुद्दाम ठेवलेली असते. जुन्या ॲल्युमिनियमच्या पिस्टनला घेराच्या एका बाजूनं उभी फट देतात, म्हणजे तापून फुगला तर फट मिटते आणि पिस्टन अडकत नाही. पण आत स्फोट झाला की पिस्टन नुसता खाली जात नाही, जाता जाता एका भिंतीवर रेलतो. या इंजिनात तो ड्रायव्हरच्या बाजूला रेलतो. म्हणून चीर पलीकडं, क्लीनरच्या बाजूला पाहिजे. मजबूत पाठीनं मार खावा, चिरलेल्या अंगानं नाही.

काशीनं उरलेले तीन काढले. चारही पिस्टनच्या चिरा ड्रायव्हरच्या बाजूला होत्या.

तिनं माथ्यावरची काजळी खरवडली. काठाला तिकोनी कानशीनं कापलेली खाच, शेजारी पिस्टनच्या नंबराइतके ठिपके. चारही खाचा गाडीच्या तोंडाकडं, रेडिएटरकडं. दोन नंबरचा नवा होता, पण त्यावरही तशीच खाच. मुंबई-पुण्याच्या शहाण्यांनी फुटलेल्या पिस्टनवरून नव्यावर उतरवलेली. परीक्षेत कॉपी करणारं पोर शेजाऱ्याची चूकसुद्धा उतरवतं, तसं. तिघांनीही डोकं म्हणून लावलं नव्हतं. खूण आहे ना, मग झालं.

शेठ काठी टेकत जवळ आला. "कोणाची खाच ती?"

काशीनं पिस्टन फडक्यात गुंडाळला. "बापाची."

"मंग? मी काय वेगळा सांगत होतो?"

पस्तीस वर्षं ज्याची भीती, ते हातात होतं.

यमाजी वाडीवर अंगणात बांबू चिरत बसला होता. काशीनं फडकं सोडून पिस्टन त्याच्यापुढं ठेवला. म्हातारा उठायला लागला.

"बस रे!" चुलीपाशी बसलेली सकुबाई, काशीची आई, खेकसली. "पस्तीस वर्सां उठून जातोय. मसनात नेताना तरी झोपशील ना सरळ?"

यमाजी बसला. पिस्टन उचलला, चिरेवरून अंगठा फिरवला, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"चीर डायवरकडं कोनी लावली?"

"खाच पुढं करून बसवला की तिकडंच येते, बा. आणि खाच तुझी हाय."

"पुढंच करायची खाच. मीच केली ती. पुढं करून बसव, चीर बरोबर पलीकडं जाते."

"नाय जात. डोळ्यांनी बघितलं मी."

"पुढं म्हंजे कुठं लावलीस तू?"

"रेडिएटरकडं. गाडीचं तोंड तिकडंच असतं ना?"

यमाजीनं पोरीकडं असं बघितलं, की जणू तिनं सूर्य उगवतीच्या बाजूला मावळतो का असं विचारलंय. "गाडी कुठं होती गो तवा? गिरन होती. पंखा मागं होता, भिंतीकडं. पट्टा पुढं. भात पुढं पडायचा, बाया टोपल्या घेऊन पुढं उभ्या रायच्या. सगली दुनिया गिरनीच्या पुढं उभी, नि मी पुढं म्हनून भिंत धरू?"

गिरणीला पट्टा जोडायचा तो इंजिनाच्या ज्या टोकाला, त्याच टोकाला गाडीत गिअरबॉक्स येतो. म्हणजे बापाचं पुढं ते गाडीचं मागं. खाच गिअरबॉक्सकडं केली, की चीर जाते क्लीनरकडं, जिथं पाहिजे तिथं. आणि त्याचा एक नंबर म्हणजे गाडीचा चार नंबर. चारही पिस्टन नुसते उलटे नव्हते, एकमेकांच्या घरात कोंबले होते. तेरा वर्षं ज्या भिंतीला घासून ते मापात आले होते, ती सोडून भलत्याच भिंतीला.

"चिरलेल्या बाजूनं मार खाऊ नये, हे तुला कोणी सांगितलं, बा?"

"कोन सांगल? पयल्यांदा खोलला तवा बघितला. पाठीवर घासल्याची चकाकी, चिरेकडं काय नाय. मंग कळला, मार कुठं बसतो ते."

दोन शहरांतले तीन मेस्तरी जे बघू शकले नाहीत, ते एका अंगठेबहाद्दरानं चकाकीवरून वाचलं होतं.

"मग त्या दिवशी नाक्यावर बोलला का नाहीस?"

"मी चूक केली का नाय, तेच मला ठाव नव्हता. त्यानं कसा बसवला ते मला दिसलाच कुठं?" यमाजीनं पिस्टन खाली ठेवला. "कल्यानचा मेस्तरी गाडीखाली होता, शेठ खुर्चीत, नि मी फाटकाभायेर. फाटकाभायेरच्याला कोन इचारतो, पुढं कुठला नि मागं कुठला?"

सकुबाई चुलीत फुंकता फुंकता थांबली. तिनं पदर डोळ्यांना लावला. धूर गेला असेल.

शेठच्या अंगणात यायला यमाजी तयार नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी काशी उरलेले तीन पिस्टन वाडीवर घेऊन गेली. म्हाताऱ्यानं ते रॉकेलनं धुतले, पुसून कोरडे केले, आणि वरून खडूची पूड चोळली. मग उन्हात ठेवून बसला. "फटीत रॉकेल शिरला असंल तर वर येईल," म्हणाला. काशीनं तिन्ही पिस्टन भिंग लावून आधीच तपासले होते, तिच्या मते ठणठणीत होते. पाच मिनिटांनी तीन ठिपक्यांच्या पिस्टनवर पांढऱ्या खडूत केसासारखी काळी रेघ उमटली.

"भिंगात दिसली नाय वाटतं?" यमाजी.

"नाय दिसली."

"भिंग इकून खडू घे."

चाळीस वर्षांच्या आयुष्यात काशीनं बापाचा पहिला टोमणा ऐकला, आणि तिला तो पेढ्यासारखा लागला. रेघ जिथं संपत होती तिथं मुंगीच्या डोक्याएवढं भोक पाडायचं, म्हणजे तडा पुढं सरकत नाही, हेही त्यानंच सांगितलं. भोक काशीनं पाडलं, हातड्रिलनं, श्वास धरून.

उरलेला एकुलता एक नवा पिस्टन बाकीच्या तिघांच्या वजनाला यायला हवा होता, नाहीतर इंजिन थरथरलं असतं. ती चारही घेऊन शहापूरच्या बाजारात एका सोनाराकडं गेली. त्यानं चष्म्यावरून बघितलं. "बाई, मोडीत घालायला काय आणलंय हे?"

"वजन फक्त. ग्रॅममध्ये."

"तेलकट हाय. काटा माझा खराब होईल."

"धुतलेत. तुमच्या गिऱ्हाइकांच्या अंगठ्यांपेक्षा स्वच्छ आहेत."

नवा अकरा ग्रॅम जड भरला. मुरबाडच्या एमआयडीसीतल्या लेथवर तिनं तो आतून सोलून घेतला, आणि बाहेरून त्याच्या खऱ्या घराच्या मापाला उतरवला. जुन्यांच्या खाचा तशाच ठेवल्या. नव्याला खाच कापली ती बापाच्या पद्धतीनं. मग सिलिंडरच्या भिंती बारीक पॉलिश कागदानं साफ केल्या, रिंगांची तोंडं एकाखाली एक येणार नाहीत अशी फिरवली, आणि एकेक पिस्टन आपापल्या घरी बसवला. चारही खाचा गिअरबॉक्सकडं. चारही चिरा क्लीनरकडं. हेड चढलं, तेल पडलं, पाणी भरलं.

अनिलनं हँडल पुढं केलं. काशीनं घेतलं नाही.

"काय राहिला आता?" शेठ ओटीवरून.

"माझ्या बापाला आणायचा राहिला."

"मी आणतो ताई, पाच मिनिटांत—"

"तू नाय अनिलभाऊ. तू तवा पाळण्यात होतास. नाक्यावर जे बोलले त्यांनी जायचं."

शेठ ताडकन उठला. "मी? वाडीवर? इंजान माझा, गाडी माझी, नि अटी तू घालतेस?"

"इंजान तुमचं आहे. खाच माझ्या बापाची आहे, आणि ती कधीच उलटी नव्हती. तुमी उलटी वाचलीत. गिरणी तुमच्याच घरची होती ना शेठ? पट्टा कुठल्या बाजूला होता, ते तुमाला तरी आठवायला नको? पस्तीस वर्षं एका माणसाला चोर ठरवल्यासारखं ठरवलंत, आणि एकदा त्याला विचारलं नाय."

पट्टा कुठल्या बाजूला होता ते शेठला आठवलं असावं, कारण त्याची नजर गाडीवरून हलून पडक्या गिरणीच्या चौथऱ्याकडं गेली. पण तो ओटीवरून उतरला नाही. काशीनं पेटी भरली आणि मुरबाडची एसटी पकडली.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या सकाळी अनिलचा फोन. "ताई, आबा वाडीवर गेलेत. चालत. मला येऊ दिलं नाय."

पुढचं सकुबाईनं बघितलं, तिच्याच तोंडचं आहे. शेठ अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला, दम लागलेला. यमाजी बांबू चिरत होता, त्यानं मान वर केली नाही. शेठ म्हणाला, "यमाजी, तुला एक विचारायचा राहून गेला होता."

"पस्तीस वर्सां राह्यला."

"हां. राह्यला." शेठनं काठी या हातातून त्या हातात घेतली. "खुणेची पुढली बाजू कुठली?"

यमाजीनं कोयता बाजूला ठेवला आणि सांगितलं. शेठनं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि म्हणाला, "चूक आमची झाली."

बस, एवढंच. भिवंडीच्या भट्टीवर गेलेली वर्षं त्यानं परत येत नाहीत, आणि नाक्यावर ऐकलेले शब्दही कानातून निघत नाहीत. ज्यांना वाटतं की असं काही झालं की हिशेब मिटतो, त्यांनी एक मोसम भट्टीवर काढून बघावा. पण सापगावचा शेठ वाडीवर चालत गेला आणि कातकऱ्याला प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबला, हे त्या भागात आधी कुणी बघितलं नव्हतं. ते झालं, म्हणून लिहिलं.

यमाजी आला. फाटकातून आत आला, थेट गाडीपाशी. शेठ ओटीवर न जाता खालीच, बॉनेटजवळ उभा राहिला. मुरबाडहून धावत आलेली काशी हँडलला लागली. पहिल्या फेऱ्याला नुसता सुस्कारा. दुसऱ्याला एक खोकला. तिसऱ्याला इंजिनानं सूर धरला.

कुणी इंजिनाकडं बघत नव्हतं. सगळे यमाजीकडं बघत होते. त्यानं स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून डोळे मिटले होते. गार इंजिन, जानेवारीची सकाळ, आणि ठोका नव्हता. एक मिनिट गेलं, दोन गेली.

"तिसऱ्याचा टॅपेट जरा बोलतोय," त्यानं डोळे उघडले. "कोनी बसवला?"

"मीच," काशी म्हणाली.

"घाई केलीस."

"एसटी चुकत होती, बा!"

"इंजानाला एसटीचा टाइम सांगू नये. अनिल, पाना आन. तो नाय रे, बारीक."

अनिल पळाला. शेठनं विचारलं, सुरुवातीला किती जोरात चालवायची, आणि यमाजीनं सांगायला सुरुवात केली: पहिले तीनशे मैल बैलगाडीसारखी, चढावर रेटायची नाही, ठोका आला तर लगेच बंद करायची, शहाणपणा करायचा नाही. तो बोलतच राहिला. बोलता बोलता त्याचे हात पट्टा कसा चढवायचा ते दाखवू लागले, मग रॉकेल किती तापलं की ओतायचं ते, मग अठ्ठ्याहत्तरच्या पावसात गिरणी कशी चालू ठेवली ते. शेठ मधेच "हां, हां, तो मोठा पाऊस" म्हणाला, तर यमाजीनं त्याला "तुमी नव्हता तवा, तुमी ठाण्याला होता," म्हणून गप्प केलं.

काशीनं हात पुसले. दोनच्या गाडीनं मुरबाडला पोचायचं होतं, तिकडं तीन जीपा उभ्या होत्या.

"चल बा, वाटेत तुला वाडीवर सोडते."

"तू जा. मी थांबतो," यमाजी मान न वळवता म्हणाला. "आता हे जरा चालल्यावर गरम तेल काढायचा हाय. ह्यांना नाय जमायचा."